अंग आंबते तेव्हा

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. वर्षभर खुर्चीत बसलेली माणसे सिंहगड चढायचे ठरवतात, ढोल-ताशा पथकांत नवी नावनोंदणी सुरू होते आणि वारीत पुणे ते सासवड चालण्याचे बेत घराघरांत आखले जातात. म्हणून या महिन्यात अंगवळणी नसलेल्या श्रमांमुळे स्नायूंना होणारी इजा आणि ती टाळण्याचे उपाय, एवढ्या एकाच विषयावरील पत्रे निवडली आहेत.

प्रश्न : मी ४६ वर्षांचा असून माझे काम दिवसभर संगणकासमोर बसून चालते. मे महिन्यातील एका रविवारी मुलासोबत आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढलो. चढताना दम लागला, पण पाय दुखले नाहीत. उतरणे तर फारच सोपे वाटले आणि शेवटचा टप्पा आम्ही जवळजवळ धावतच उतरलो. सोमवारी सकाळी मांड्या थोड्या जड वाटल्या. मंगळवारी मात्र आमच्या इमारतीचा जिना उतरता येईना. कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत खाली यावे लागले. दुखणे इतक्या उशिरा का आले आणि चढताना न दुखता उतरतानाच का दुखते? जुलैमध्ये पुन्हा जायचे आहे. तेव्हा असे होऊ नये म्हणून काय करावे? (सहकारनगर, पुणे)

उत्तर : आपल्याला गडाचा जो भाग सर्वांत सोपा वाटला, त्यानेच हे दुखणे दिले आहे. हे पटण्यासाठी घरच्या जिन्यावर एक छोटा प्रयोग करून पाहावा. पायरीवर उभे राहून उजवा तळहात उजव्या मांडीच्या पुढच्या भागावर ठेवावा आणि डावा पाय अगदी सावकाश खालच्या पायरीवर न्यावा. डावा पाय अधांतरी असताना उजवा गुडघा हळूहळू वाकत जातो आणि तळहाताखालचा स्नायू दगडासारखा ताठ झालेला जाणवतो. स्नायू आखडण्यासाठी जोर लावत असतो आणि नेमक्या त्याच वेळी शरीराचे वजन त्याला ताणून लांब करत असते. चढताना हाच स्नायू आखडत जाऊन शरीर वर उचलतो. उतरताना तो लांबत जाऊन शरीराला आवरून धरतो, म्हणजे गाडीच्या ब्रेकचे काम करतो. या ब्रेकच्या कामाला श्वास फारसा लागत नाही, म्हणून ते सोपे भासते. परंतु त्या वेळी कमी तंतूंवर अधिक ताण पडतो आणि स्नायूची मोडतोड प्रामुख्याने तेव्हाच होते. आतकरवाडीपासून गडापर्यंत सुमारे ६०० मीटरची उंची आहे. ती उतरताना आपल्या मांड्यांनी हजारो वेळा हा ब्रेक लावला असणार आणि धावत उतरताना तो प्रत्येक पावलाला अधिक जोराने लावावा लागतो.

ही मोडतोड डोळ्यांना दिसणारी नसते. स्नायूचा प्रत्येक तंतू अतिसूक्ष्म एककांच्या साखळीचा बनलेला असतो. ताणाखाली त्यांतील दुबळी एकके प्रमाणाबाहेर ओढली जातात आणि त्यांची रचना विस्कटते. स्वीडनमधील संशोधकांनी १९८१ मध्ये जिने धावत उतरलेल्या माणसांच्या पोटरीतील स्नायूचे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा या एककांमधल्या सीमारेषा जागोजागी फिसकटलेल्या आढळल्या. उशिरा येणाऱ्या या दुखण्याचा वेगळा विचार त्याच्याही फार आधी, १९०२ मध्ये, अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी केला होता आणि त्याचे कारण स्नायूच्या आत होणाऱ्या सूक्ष्म फाटण्यात असावे, असे मत त्यांनी मांडले होते.

आता दुखणे उशिरा का येते ते पाहू. रचना विस्कटताक्षणी फारसे दुखत नाही. पुढच्या काही तासांत तेथे दुरुस्तीचे काम सुरू होते, पेशींची ये-जा वाढते, स्नायूला किंचित सूज येते आणि तेथील मज्जातंतूंची टोके हळवी होतात. एरवी ज्या दाबाने किंवा हालचालीने काहीच वाटत नाही, तीही मग दुखू लागते. ही हळवेपणाची पातळी साधारणतः २४ ते ७२ तासांत सर्वांत वर जाते आणि बहुतेक वेळा पाच ते सात दिवसांत ओसरते. म्हणूनच आपल्याला स्वस्थ बसल्यावर बरे वाटत होते आणि खुर्चीतून उठताना कळ येत होती.

मात्र एक गोष्ट उशिरा येत नाही, ती म्हणजे स्नायूची घटलेली ताकद. ती गडाच्या पायथ्याशी पोहोचल्यावरच कमी झालेली असते आणि दुखणे थांबल्यानंतरही काही दिवस कमीच राहू शकते. या काळात पाय लटपटतात, घोटा मुरगळण्याची शक्यता वाढते. म्हणून आठवडाभराच्या आत दुसरा अवघड गड ठरवू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

आता जुलैसंबंधी. स्नायूंच्या या इजेवर आजवर जे जे उपाय तपासले गेले, त्यांत एक उपाय बाकी सगळ्यांच्या फार पुढे आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही. जे काम करायचे आहे तेच काम, थोड्या प्रमाणात, काही दिवस आधी करून ठेवणे, हा तो उपाय होय. ताणाखाली लांबण्याचे काम स्नायूने एकदा केले की पुढच्या वेळी तेवढ्याच कामाने त्याची मोडतोड बरीच कमी होते. व्यायामशास्त्राचे संशोधक काझुनोरी नोसाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दंडाच्या स्नायूंवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की एका जोरदार सत्राने मिळालेले संरक्षण काही बाबतींत ६ महिन्यांपर्यंत टिकू शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, चोवीस आवर्तनांच्या इजेपासून काही प्रमाणात वाचण्यासाठी आधीची दोन किंवा सहा आवर्तनेही उपयोगी पडली. संरक्षण मिळवण्यासाठी आधी स्वतःला दुखवून घ्यावेच लागते असे नाही, हा यातला सर्वांत दिलासा देणारा भाग आहे. मात्र हे संरक्षण ज्या स्नायूने काम केले त्यालाच प्रामुख्याने मिळते. रोज तासभर सपाट रस्त्यावर चालणाऱ्या माणसाच्या मांड्याही गड उतरल्यावर दुखतात, कारण सपाटीवर त्यांना हा ब्रेक जोराने लावावा लागलेला नसतो.

आपल्या हातात चार-पाच आठवडे आहेत. पहिल्या आठवड्यात इमारतीचे तीन मजले सावकाश उतरण्याचा सराव दोन वेगवेगळ्या दिवशी करावा. वर जायला लिफ्ट वापरली तरी चालेल, कारण आपल्याला उतरण्याचीच तालीम हवी आहे. दुसऱ्या आठवड्यात पर्वती गाठावी. तिच्या १०३ पायऱ्या एका सकाळी दोनदा चढून-उतरून पाहाव्यात आणि दोन दिवसांनी मांड्या कितपत बोलतात ते पाहावे. किंचित जड वाटले तर प्रमाण योग्य आहे. जिना उतरता येईनासा झाला तर ते जास्त झाले. तिसऱ्या आठवड्यात वेताळ टेकडी किंवा हनुमान टेकडी, जी घराला सोयीची असेल ती, शेवटच्या उतारावर न धावता उतरावी. त्यानंतर सिंहगडाच्या वाटेने निम्म्यापर्यंत जाऊन परत यावे. प्रत्यक्ष चढाईच्या आधीचे तीन-चार दिवस मात्र पायांना मोकळीक द्यावी.

प्रत्यक्ष गड उतरताना पावले लहान ठेवावीत, गुडघे थोडे सैल असावेत, पाठीवरचे ओझे कमी असावे आणि हातात काठी असावी. काठीवर येणारा प्रत्येक भार मांडीवरून उतरलेला भार असतो. पावसात वाट निसरडी होते आणि माणूस नकळत पाय ताठ करून, अंग मागे रेलून उतरतो. तसे उतरल्याने प्रत्येक पावलाला धक्का बसतो. सराव करायला वेळच मिळाला नाही, तर एक सरळ मार्ग आहे : चढून जावे, पिठले-भाकरी खाऊन घाटरस्त्याने खाली येणाऱ्या जीपमध्ये बसावे. यात कमीपणा वाटण्याचे काहीच कारण नाही. पहिल्या खेपेस फक्त चढावे, दुसऱ्या खेपेस अर्धे उतरावे, असे मी माझ्याकडे येणाऱ्या अनेकांना सांगत आलो आहे आणि त्यांचे सोमवार-मंगळवार सुखात गेले आहेत.

प्रश्न : जिममधील प्रशिक्षक म्हणतात की व्यायामानंतरचे दुखणे स्नायूंत साठलेल्या लॅक्टिक अ‍ॅसिडमुळे होते आणि ते बाहेर काढण्यासाठी व्यायामानंतर लिंबूपाणी घ्यावे व पंधरा मिनिटे स्ट्रेचिंग करावे. आपल्याकडेही ‘अंग आंबले’ असेच म्हणतात. हे खरे आहे का? (सदाशिव पेठ, पुणे)

उत्तर : ‘अंग आंबणे’ हा शब्दप्रयोग इतका नेमका आहे की आम्लाची कल्पना त्याला आपोआप येऊन चिकटते. अनुभव सांगणारा शब्द म्हणून तो जपावा, परंतु त्यातून कारण शोधू नये. जोरदार व्यायामात तयार झालेले लॅक्टेट व्यायाम थांबल्यावर तासाभरात रक्तातून निवळते आणि शरीर ते इंधन म्हणून वापरूनही टाकते. मंगळवारच्या दुखण्याचे खापर रविवारी दुपारीच निघून गेलेल्या पदार्थावर फोडता येणार नाही. अमेरिकेत १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना ट्रेडमिलच्या सपाट पट्ट्यावर आणि काहींना उतरत्या पट्ट्यावर धावायला लावले होते. सपाटीवर धावणाऱ्यांच्या रक्तातील लॅक्टेट वाढले, पण त्यांचे पाय पुढे विशेष दुखले नाहीत. उतारावर धावणाऱ्यांचे लॅक्टेट वाढले नाही आणि दुखले मात्र त्यांचेच पाय. सहकारनगरच्या वाचकांनी वर लिहिलेला अनुभव हाच आहे : दम चढताना लागला, दुखणे उतरण्याने आले.

लिंबूपाणी तहान भागवण्यासाठी जरूर घ्यावे, विशेषतः घाम फार गेला असेल तर. स्ट्रेचिंगविषयी मात्र अनेकांची निराशा होईल. वैद्यकीय प्रयोगांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने या विषयावरील प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला आहे. त्यानुसार व्यायामाच्या आधी व नंतर असे दोन्ही वेळा स्ट्रेचिंग केले तरी १०० गुणांच्या वेदनामापनावर सुमारे ४ गुणांचा फरक पडतो, आणि तो रोजच्या जगण्यात जाणवण्याजोगा नाही. शरीर लवचिक राहावे म्हणून स्ट्रेचिंग करणाऱ्यांनी ते सुरू ठेवावे. दुखणे टळेल या आशेने वेळ काढणाऱ्यांनी तीच पंधरा मिनिटे व्यायामाचे प्रमाण हळूहळू वाढवण्याच्या आखणीसाठी द्यावीत.

प्रश्न : मी २३ वर्षांची असून यंदा प्रथमच ढोल पथकात नाव घातले आहे. मैत्रिणीने सांगितले की गेल्या वर्षी पहिल्या तीन दिवसांच्या सरावानंतर तिला केस विंचरायलाही हात वर करता येत नव्हते, कंबर धरली होती आणि तरीही ‘दुखलं तरी वाजवत राहा, अंगात भिनेल’ असे तिला सांगितले जात होते. हे कितपत बरोबर आहे आणि मी आतापासून काय करू? (धायरी, पुणे)

उत्तर : ‘अंगात भिनेल’ हे बरोबर आहे, ‘दुखलं तरी वाजवत राहा’ हे बरोबर नाही. वाजवण्याने अंग तयार होते ते वाजवणे आणि विसावा यांच्या मधल्या दिवसांत. दुखऱ्या, ताकद गेलेल्या खांद्याने सलग दोन-तीन तास वाजवल्यास हात वेगळ्याच पद्धतीने फिरू लागतो, टिपरू गरजेपेक्षा घट्ट धरले जाते आणि साधे स्नायूदुखणे संपून मनगटाच्या किंवा खांद्याच्या कंडऱ्यांचे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरांचे) चिवट दुखणे सुरू होते. स्नायू आठवड्यात बरा होतो. कंडरेला महिने लागू शकतात आणि तेवढ्यात गणेशोत्सव निघून जातो.

ढोलात तीन वेगवेगळ्या ठिकाणांचे श्रम एकत्र येतात. टिपऱ्याचा हात फेकल्यानंतर त्याला दर ठोक्याला आवरावे लागते आणि ते आवरण्याचे काम खांद्याच्या मागचे व बाजूचे स्नायू करतात. टिपरू धरण्याचे काम कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू सतत करतात. पुढे बांधलेल्या वजनाला तोलण्यासाठी कंबरेचे स्नायू तासन्‌तास आवळलेले राहतात. म्हणून तयारीही तिन्ही ठिकाणांची हवी. पाणी भरलेली अर्ध्या लिटरची बाटली हातात घेऊन हात बाजूने खांद्याइतका वर न्यावा आणि चार आकडे मोजत सावकाश खाली आणावा; अशी दहा आवर्तने एका वेळी पुरेत. टिपऱ्याची पकड सैल ठेवून, ढोलाशिवाय, उशीवर किंवा जुन्या गादीवर पाच मिनिटे हात फिरवावा. पाठीवर पुस्तकांनी भरलेली पिशवी जशी घेतो तशी ती पोटाशी बांधून घरात दहा मिनिटे वावरावे, म्हणजे कंबरेला समोरच्या वजनाची ओळख होते. हे सर्व एक दिवसाआड, दोन-तीन आठवडे केले तरी पहिल्या सरावाच्या दिवशी फरक कळेल.

पथकप्रमुखांनाही माझी विनंती आहे. नव्या वादकांना पहिल्या दिवशी वीस-पंचवीस मिनिटांहून अधिक ढोल बांधू देऊ नये, त्यांची पाळी लावावी आणि पहिल्या आठवड्यात एक दिवस मोकळा ठेवावा. जुन्या तालमींत उस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी थोड्याच बैठका देत आणि पुढे रोज त्यात भर घालत; ती शिस्त फार शहाणपणाची होती. ती सोडून पहिल्याच दिवशी दमछाक करणाऱ्यांच्या तावडीत मी स्वतः शाळेत असताना सापडलो आहे. कवायतीच्या तासाला आमच्या संपूर्ण वर्गाला शिक्षा म्हणून उठाबशा काढायला लावल्या होत्या आणि तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे शाळेचा जिना कठड्याला धरून, आडवे होऊन उतरत होतो. त्या श्रमांतून कोणाचीही ताकद वाढली नाही, कारण पुढचे दहा दिवस कोणी व्यायामाचे नावच काढले नाही.

प्रश्न : दुखणे सुरू झाल्यावर शेक द्यावा की बर्फ? मालिश, हळदीचे दूध, प्रोटीन पावडर, वेदनाशामक गोळी, यांपैकी कशाचा उपयोग होतो? (चिंचवड)

उत्तर : थंड पाण्यात पाय बुडवून बसल्याने दुखणे काहीसे कमी होते. मात्र ताकद वाढवण्यासाठी व्यायाम करणाऱ्यांनी प्रत्येक सत्रानंतर तसे करू नये, कारण त्याने स्नायूंची अपेक्षित वाढ मंदावते असे दिसून आले आहे. शेकाने आखडलेपण सैल वाटते. हलक्या हाताची मालिश आराम देते. कळवळेपर्यंत रगडून घेण्याने आधीच विस्कटलेल्या तंतूंना आणखी त्रास होतो. हळदीचे दूध आवडत असेल तर प्यावे, त्यावर भिस्त ठेवू नये. प्रथिने रोजच्या जेवणात पुरेशी हवीतच, पण डबाभर पावडरीने दोन दिवसांनंतरचे दुखणे टळत नाही. सर्वांत चांगला तात्पुरता उतारा म्हणजे सपाटीवरचे हलके चालणे. चालेपर्यंत बरे वाटते, थांबल्यावर पुन्हा थोडे जाणवते आणि त्याने नुकसान काहीही होत नाही.

वेदनाशामक गोळ्यांबाबत मात्र मी कडक आहे. गडावर निघण्यापूर्वी ‘दुखू नये म्हणून’ आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेण्याची पद्धत वाढते आहे. घामाने शरीरातले पाणी कमी झालेले असताना अशी गोळी मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह घटवते, पोटालाही त्रास देते आणि थांबण्याची सूचना देणारी वेदनाच दडपून टाकते. श्रमांच्या आधी ती घेऊच नये.

प्रश्न : माझा १९ वर्षांचा मुलगा महिनाभरापूर्वी प्रथमच जिमला गेला. मित्रांशी लागलेल्या चुरशीत त्याने पहिल्याच दिवशी दंडाचे आणि छातीचे व्यायाम दोन तास केले. तिसऱ्या दिवशी त्याचे हात सुजले, कोपर सरळ होईना आणि लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा झाला. दोन दिवसांनी रंग आपोआप निवळला, म्हणून डॉक्टरांना दाखवले नाही. आता तो पुन्हा जायचे म्हणतो. जाऊ द्यावे का? (हडपसर, पुणे)

उत्तर : आज आलेल्या पत्रांत सर्वांत काळजीचे पत्र आपले आहे. मुलाला त्या वेळी जे झाले ते साधे अंग आंबणे नव्हते, असेच वर्णनावरून दिसते. स्नायूंची मोडतोड फार मोठ्या प्रमाणावर झाली की तंतूंच्या आतील द्रव्ये रक्तात उतरतात. त्यांत मायोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. लघवीला कोऱ्या चहाचा किंवा कोलाचा रंग येतो तो त्याच्यामुळे, आणि तेच मूत्रपिंडाला इजा करू शकते. त्याच सुमारास रक्तातील पोटॅशियम वाढल्यास हृदयाच्या ठोक्यांवरही परिणाम होऊ शकतो. अशा वेळी रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे लागते, शिरेतून द्रव द्यावा लागतो आणि काही रुग्णांना डायलिसिसचीही गरज पडते. आपला मुलगा त्यातून सुखरूप बाहेर पडला, ही भाग्याची गोष्ट आहे.

त्याला जिमला पाठवण्यापूर्वी फॅमिली डॉक्टरांकडे न्यावे आणि घडलेले सर्व सांगून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठी), क्रिएटिन कायनेज (स्नायूंची मोडतोड झाली की रक्तात वाढणारे विकर) व लघवीची तपासणी करून घ्यावी. त्या दिवसांत ताप आला होता का, उन्हात श्रम झाले होते का, एखादे औषध किंवा व्यायामापूर्वी घेतली जाणारी पावडर सुरू होती का, हेही सांगावे. सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक दोष कुटुंबात कोणात असेल तर ते आवर्जून सांगावे. तपासण्या व्यवस्थित आल्या आणि डॉक्टरांनी परवानगी दिली, तर त्याने व्यायाम अवश्य करावा. मात्र पहिले दोन आठवडे हलक्या वजनाचा एकेकच सेट, संपूर्ण दमण्याच्या बरेच आधी थांबून. असा प्रकार पुन्हा कमी श्रमांत घडला, तर स्नायूंच्या चयापचयाचा एखादा मूळ दोष आहे का, हे तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे लागेल.

सर्व वाचकांनी तीन खुणा लक्षात ठेवाव्यात : लघवीचा गडद रंग किंवा घटलेले प्रमाण, सांधा हलवता न येण्याइतकी सूज, आणि दिवसागणिक कमी होण्याऐवजी वाढत जाणारे दुखणे. यांतील एकही खूण दिसली तर सकाळची वाट पाहू नये.

प्रश्न : माझे वय ६२ असून कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी सुरू आहे. यंदा माउलींच्या पालखीसोबत पुणे ते सासवड चालायची फार इच्छा आहे. दोन वर्षांपूर्वी एका लांब पदयात्रेनंतर चार दिवसांनी वार्षिक तपासणी केली, तेव्हा एसजीओटी बरेच वाढलेले निघाले आणि यकृताचा आजार असावा म्हणून पुढे दोन महिने तपासण्या चालल्या. शेवटी यकृतात काहीच दोष निघाला नाही. वारीत जावे की नाही? (औंध, पुणे)

उत्तर : जावे, पण तयारीने जावे. पुणे ते सासवड हा ३० किलोमीटरहून अधिक लांबीचा टप्पा आहे आणि त्यात दिवे घाटाची चढण आहे. घाट चढल्यावर सिंहगडासारखे तीव्र उतरणे नसल्यामुळे येथे मांड्यांपेक्षा पोटऱ्या, तळपाय आणि नितंबांचे स्नायू अधिक दमतात, तेही दीर्घ काळ डांबरावर चालण्याने. आपल्याकडे जेवढे आठवडे असतील त्यांत दर आठवड्याला एक लांब चाल ठेवावी. पहिली ८ किलोमीटरची, मग ११, मग १५ ची, अशी वाढवत न्यावी आणि वारीला घालायचीच चप्पल किंवा बूट सरावात घालावेत. नवी चप्पल म्हणजे पोटरीला नवे काम. एकदा तरी कात्रजचा किंवा एखाद्या टेकडीचा चढ त्यात असावा. या वयात स्नायू सावरायला थोडा अधिक वेळ घेतात, म्हणून दोन लांब चालींमध्ये किमान चार दिवसांचे अंतर ठेवावे. सबंध टप्पा जमणार नाही असे वाटले, तर हडपसरपासून चालायला लागावे किंवा घाट संपल्यावर थांबावे. वारकरी कोणाच्या किलोमीटरचा हिशेब ठेवत नाहीत.

स्टॅटिन घेणाऱ्या काही लोकांना एरवीही स्नायूदुखी होते आणि अंगवळणी नसलेल्या श्रमांनंतर त्यांच्या रक्तातील क्रिएटिन कायनेज इतरांपेक्षा जास्त वाढू शकते. तरीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. ती हृदयासाठी आहे. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना चालण्याचा बेत सांगावा आणि सरावाच्या काळात दोन्ही मांड्यांत किंवा दोन्ही खांद्यांत सारखेच, विश्रांतीनेही न जाणारे दुखणे सुरू झाले तर त्यांना कळवावे. थायरॉइडची कमतरता किंवा ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर ती आधी भरून काढलेली बरी, कारण त्या दोन्हींनी स्नायू अधिक कुरकुरतात.

आपल्या जुन्या अहवालाविषयी लिहिलेत ते फार बरे केलेत. एसजीओटी हे विकर यकृतात असते तसेच स्नायूंतही असते, आणि एसजीपीटीही काही प्रमाणात स्नायूंत असते. मोठ्या श्रमांनंतर ही दोन्ही आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ वाढलेली राहू शकतात. क्रिएटिन कायनेज त्याच नमुन्यात तपासले असते, तर वाढीचा उगम स्नायूत आहे हे बहुधा पहिल्याच दिवशी लक्षात आले असते आणि आपली दोन महिन्यांची धास्ती टळली असती. यंदाची वार्षिक तपासणी पालखी पुण्यात येण्यापूर्वी आणि लांब चालीचा सराव सुरू होण्यापूर्वी करून घ्यावी. ते राहून गेले, तर सासवडहून परतल्यावर किमान दहा दिवस थांबून रक्त द्यावे आणि रक्त घेणाऱ्याला चालून आल्याचे सांगून ते तपासणीच्या कागदावर लिहून घ्यायला लावावे.